भुलेश्वरातील खरेदीचा दिवस

भुलेश्वरला खरेदीला जायचे म्हटले की आजकालच्या मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. गर्दी, हातगाड्या, पायाखाली फुलांचा आणि भाजीचा पाला. शिवाय तिथे जे मिळते ते सारे मोबाईलवर घरबसल्या दिसते. यांतले एकही विधान खोटे नाही. तरीही आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालविणाऱ्या कुटुंबांना सी. पी. टँकपासून काळबादेवीपर्यंतच्या त्या रस्त्याची जागा दुसऱ्या कोणत्याही बाजाराने भरून दिलेली नाही. एरवी पंधरा मिनिटांची ती वाट गर्दीत अर्धा तास घेते, आणि मनाने चाललो तर दिवसभर पुरते. गेल्या मार्गशीर्षात मी माझ्या मुलाला घेऊन तिथे गेले. त्याला माल दाखवायचा होता आणि मला एक जुने खाते मिटवायचे होते.

मला या रस्त्यावर प्रथम आणले ते मामंजींनी, १९९८ साली. त्या वर्षी माझे यजमान गेले. मुलगा चार वर्षांचा, मामंजी सत्तरीला टेकलेले. दुकान ठेवायचे की विकायचे, असा प्रश्न घरात उभा होता. एके रात्री ते म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर मुंबईला चल." त्या वेळी बार्शी लाईटची छोटी गाडी कुर्डुवाडीपर्यंत चालत असे. ती पुढे रूळ रुंद झाले तेव्हा इतिहासजमा झाली. कुर्डुवाडीला सोलापूरकडून येणारी रात्रीची गाडी पकडायची आणि पहाटे मुंबईत उतरायचे, हा क्रम मात्र अजून तोच आहे.

उतरल्यावर हिराबाग. दिगंबर समाजातील जुन्या मंडळींना हे नाव नव्याने सांगायला नको. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वडिलांच्या स्मरणार्थ ही धर्मशाळा बांधली. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला अंघोळीला गरम पाणी, गाळलेले पाणी आणि जवळ जिनमंदिर मिळाले की त्याला मुंबई परकी वाटत नाही, हे त्या सुरतेच्या जव्हेऱ्याने नेमके ओळखले होते. याच हिराबागेत पंडित नाथूराम प्रेमींनी १९१२ साली 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय' काढले. त्यांचे पहिले पुस्तक म्हणजे मिलच्या 'लिबर्टी' या ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद, 'स्वाधीनता'. खाली कापडाच्या आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांची गाठोडी आणि त्याच वास्तूत मिलच्या स्वातंत्र्यविचाराची मुद्रिते, हे चित्र मला फार आवडते. मुलाला मी ते सांगितले. तो म्हणाला, "आई, सी. पी. टँक म्हणजे टाकी आहे कुठे?" टाकी नाहीच. कावसजी पटेलांचा तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढे राहिले आहे.

दर्शन झाले, सूर्योदयानंतरच्या दोन घटकाही उलटल्या, आणि आम्ही न्याहारीला निघालो. या रस्त्यावरचे खाणे हा एक स्वतंत्र विषय आहे. कढईतून निघणारा फाफडा, त्याच्याबरोबर बेसनाची पातळ कढी, तळलेली मिरची आणि कच्च्या पपईचा संभारा, हा इथला सकाळचा थाट. आम्ही दोन प्लेटी मागितल्या. कढईमागच्या गृहस्थांनी आमच्याकडे एकवार पाहिले, भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले आणि विचारले, "आज चौदस. पपई काढू का?" मिरच्याही त्यांनी आपण होऊन बाजूला ठेवल्या. आमच्या गावी उपाहारगृहात कांदा-लसूण नको म्हणून सांगितले तर पोऱ्या तीन वेळा विचारतो आणि चौथ्या वेळी कांदा घालूनच आणतो. इथे तिथी सांगावी लागत नाही. पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाइकांनी जी व्रते पाळली ती दुकानदारांच्या हाताच्या सवयीत उतरली आहेत, मग दुकानदार स्वतः कोणत्याही धर्माचा असो. वडापावात बटाट्याऐवजी कच्चे केळे घालण्याची कल्पना कोणा पाकशास्त्रज्ञाची नव्हे. ती अशाच एखाद्या कढईसमोर, गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून सुचलेली असणार.

अर्थात सारेच आपल्यासाठी नाही. हिरालाल काशीदास यांच्या भजीच्या दुकानावरून जाताना कंदाच्या भज्यांचा जो वास येतो त्याला कोणतीही तिथी रोखू शकत नाही. मामंजी तिथे नेमके पाऊल झपाझप उचलीत. मी आजही तसेच करते.

माधवबागेजवळ पांजरपोळ आहे. भर वस्तीत, जिथे एका गाळ्याची किंमत ऐकून छाती दडपते, तिथे गाई शांतपणे रवंथ करीत उभ्या असतात. दारात चाऱ्याच्या पेंढ्या मिळतात. मुलाने दोन घेतल्या, गाईंना घातल्या आणि मग व्यापाऱ्याच्या नजरेने त्या जागेचे मोजमाप घेऊन विचारले, "हे अजून इथे कसे टिकले?" प्रश्न रास्त होता. १८३२ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने मुंबईतील मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी बांधव रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन, मुसलमान त्यांना मिळाले. बाजार बंद झाला आणि किल्ल्यातील फौजेची रसद अडली. त्या खळबळीतून पुढे तोडगा निघाला तो असा, की मुक्या जनावरांना मारायचे नाही, त्यांच्यासाठी जागा करायची. १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली. तिच्या मागे जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि शेठ मोतीशा हे जैन, असे दोन जहाजमालक व्यापारी खांद्याला खांदा लावून होते. खर्चाची तरतूद व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून लाग बसवून केली. मला यातले शेवटचे कलम सर्वांत मोठे वाटते. देणगी एकदा देऊन होते. लाग रोजच्या हिशेबात लिहावा लागतो. शत्रुंजयावर दरी भरून टूंक बांधणारे मोतीशा सर्वांना ठाऊक असतात, पण गाठोड्यामागे काही आणे गाईंच्या नावे टाकणारे शेकडो अनाम मेहताजी कोणाला ठाऊक आहेत?

पुढचा रस्ता भुलेश्वरचा. इथे दुकाने आहेत तेवढीच विद्या आहे. एकजण केवळ गुंड्या विकतो, दुसरा फक्त साडीची किनार आणि लेस, तिसऱ्याकडे देवांचे पोशाख, मुकुट आणि शृंगार. एका अरुंद गाळ्यात ओघे, चरवळे, कटासणी आणि जपाच्या माळा टांगलेल्या होत्या, आणि त्याच्या शेजारीच गरब्याच्या टिपऱ्या. फुलांच्या वासात मधूनच केशराचा वास येतो. तांब्यापितळेची भांडी हवी असतील तर मात्र पायधुणीच्या बाजूला तांबाकाट्यावर जावे. भुलेश्वरात भांडे घेणाऱ्याला मामंजी हौशी म्हणत. आम्ही लग्नसराईसाठी किनारींचे चार नमुने घेतले, एवढेच. या गुजराती बोलीच्या रस्त्यावर आपली मराठी ऐकू येते ती हातगाडीवाल्यांच्या तोंडून. "बाजू, ओ ताई, बाजू!" असे ओरडत डोक्यावर कापडाची गाठ घेऊन जाणारे माथाडी बहुतेक साताऱ्याकडचे, पाटण-जावळीच्या डोंगरातले. ज्यांनी हा बाजार खांद्यावर पेलला त्यांच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. गाठ कोणाची, कुठे जाणार, आणि कोणत्या गावाला यंदा पाऊस कमी म्हणून माल कमी गेला, हे त्यांना कित्येक दलालांहून अधिक कळते.

मग मुलजी जेठा मार्केट. आत शिरले की ऊन संपते. गल्ल्यांतून गल्ल्या, चौकांतून चौक, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाद्या, लोड, ताग्यांच्या थप्प्या. चपला काढून गादीवर बसायचे, पाणी प्यायचे, घरच्यांची विचारपूस व्हायची, आणि मग माल. १९९८ साली मी इथे पहिल्यांदा बसले तेव्हा गादीवर माल पाहणारी बाई क्वचितच दिसे. मामंजींनी शेठना सांगितले, "ही आमची सून. यापुढे खरेदीला हीच येईल." शेठनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि मेहताजींना एवढेच म्हणाले, "खात्याचे नाव तेच ठेवा." नव्वद दिवसांची उधारी मामंजींना होती, ती तशीच मला मिळाली. ना तारण, ना जामीन. त्या दिवशी दुकान खऱ्या अर्थाने माझ्या हाती आले, असे मी मानते.

शेठ श्वेतांबर, मूळचे काठियावाडचे. त्यांच्या 'मिच्छामि दुक्कडम्'चे पत्र यायचे तेव्हा आमच्याकडे दशलक्षण पर्वाचा आरंभ होत असे, आणि आमचे क्षमावाणीचे पत्र त्यांना दहा-अकरा दिवसांनी मिळे. "तुम्ही आम्हांला व्याजासकट क्षमा मागता," असे ते हसून म्हणत. या दिवाळीला त्यांचा फोन आला. मार्चअखेर गादी बंद करणार. एक मुलगा परदेशात संगणकाच्या कामात, दुसरा डॉक्टर. दोघेही चांगले, दोघांनाही गादीवर बसायचे नाही. "बेन, एकदा येऊन हिशेब पाहून जा," एवढेच त्यांनी मला सांगितले.

माझ्या मुलाचे म्हणणे सरळ होते. सुरतेचे व्यापारी रोज फोटो पाठवतात, माल थेट येतो, मधला माणूस नाही, तीच साडी पंधरा-वीस रुपयांनी स्वस्त. मी त्याला खोडून काढले नाही, कारण आकडे त्याच्या बाजूने आहेत. लहान गावात आज ऑनलाईन भावाशी झुंजायचे तर पंधरा रुपये म्हणजे पंधरा रुपये. शेठनाही त्याने तेच सांगितले, नम्रपणे पण न अडखळता. शेठ रागावले नाहीत. त्यांनी दोन तागे समोर ओढले. दोन्ही एकाच रंगाचे, एकाच वजनाचे, फोटोत जुळे भाऊ वाटावेत असे. "दीकरा, चोळून पाहा." त्याने पहिला चोळला, काही झाले नाही. दुसरा चोळला आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. खळ. गिरणीतून निघताना कापड भरदार वाटावे म्हणून चढवलेली खळ पहिल्या धुण्यात निघून जाते आणि मग त्या कापडातून पलीकडचा माणूस दिसतो. "याचा भाव बावीस रुपये कमी आहे," शेठ म्हणाले. "वाईट माल नाही. आहेरात द्यायला लोक हाच मागतात. पण नेणाऱ्याने सांगून विकावा." मुलाने खिशातून मोबाईल काढला आणि दोन्ही ताग्यांचे चोळतानाचे चित्रीकरण करून घेतले. शेठना त्याची फार गंमत वाटली.

दुपारचे जेवण दादीशेठ अग्यारी लेनमधील ठाकर भोजनालयात. १९४५ पासूनची ही खानावळ. काळबादेवीच्या गल्ल्यांत अशी गुजराती थाळी देणारी जुनी ठिकाणे अजून टिकून आहेत. बिऱ्हाड गावी ठेवून मुंबईत नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांनी इथे वर्षानुवर्षे दोन वेळचे अन्न घेतले. चौदस म्हणून हिरवी भाजी नको असे सांगताच कढी, कडधान्य, फुलके आणि तुपाची वाटी असे ताट समोर आले. जेवण झाल्यावर मी ताटात पाणी घालून ताट धुऊन प्यायले. हे मी कुठेही करते, पण बाहेर लोक पाहतात. इथे वाढणाऱ्याने पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी आधीच आणून ठेवला होता.

दुपारी शेठ काठी टेकीत उठले. "चला," म्हणाले. चौक ओलांडून ते आम्हांला एका दुसऱ्या गाळ्यात घेऊन गेले. तिथे गादी नव्हती. काचेचे टेबल, खुर्च्या, संगणक. मालक चाळिशीचे, वागायला सौजन्यशील. शेठनी ओळख करून दिली. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण शब्द जवळजवळ मामंजींचेच होते. मालकांनी जीएसटी क्रमांक घेतला आणि सांगितले की पहिल्या दोन खरेद्या रोख, नंतर तीस दिवस. शेठ म्हणाले, "यांचे खाते सत्तावीस वर्षे माझ्याकडे आहे. त्याआधी यांच्या सासऱ्यांचे." मालक संकोचले. "शेठ, तुमच्या शब्दाबद्दल प्रश्नच नाही. पण सिस्टीममध्ये लिमिट टाकल्याशिवाय बिल निघत नाही."

"मग टाका ना लिमिट," शेठ म्हणाले. "दोन लाख टाका. बुडाले तर माझ्याकडून घ्या."

जो माणूस चार महिन्यांनी बाजार सोडणार तो दुसऱ्याच्या उधारीसाठी आपले नाव मागे लावीत होता. मला बोलता येईना. माझ्या मुलाने मात्र शांतपणे विचारले, "नव्वद नको, पंचेचाळीस दिवस करता येतील का?" मालकांनी थोडा विचार केला आणि पंचेचाळीस लिहिले. शेठ माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच हसले. मी त्या व्यवहारात तोंड उघडले नाही. माल मुलाने निवडला. दोन ताग्यांपैकी कोणता घ्यायचा हे ठरवताना त्याने आधी कापड चोळून पाहिले, मग भाव विचारला. बस्त्यासाठीच्या साड्या, धोतरजोड्या, टॉवेल-टोप्या, फेट्याचे कापड असा माल निघाला, बिल्टी करायला सांगितली, आणि आम्ही पिशव्या घ्यायला शेठच्या गादीवर परत आलो.

हिशेब मेहताजींनी काढूनच ठेवला होता. वटाव वजा जाता आमच्याकडून येणे ८६,४८९ रुपये. मी ८६,५०० चा चेक लिहिला. मेहताजी वरचे अकरा रुपये द्यायला गल्ल्याकडे वळले तेव्हा शेठ म्हणाले, "राहू द्या. बेनच्या खात्यात जमा करा."

"अहो शेठ, खाते तर बंद करायचे आहे ना?"

"गादी बंद करतोय. अकरा रुपये तुमचे आमच्याकडे राहिले म्हणजे ते घ्यायला एकदा तुम्हांला माझ्या घरी यावेच लागेल."

मार्गशीर्षात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आम्ही पाचच्या सुमारास काळबादेवीवरून परत निघालो. रस्त्यात खाकऱ्यांचे पुडे, घरच्यांसाठी सुतरफेणी आणि नातवंडांच्या वयाच्या शेजारच्या मुलांसाठी थोडा खाऊ घेतला. दिवस मावळण्याआधी दोघेही जेवलो. माझ्या मुलाचा रात्रिभोजनाचा नियम नाही, मी त्याला कधी सांगतही नाही. त्या दिवशी तो माझ्याबरोबर बसला आणि रात्री गाडीतही त्याने काही घेतले नाही. दमला असेल.

गाडी कल्याण सोडून घाटाकडे निघाली तेव्हा तो मोबाईलमध्ये दिवसाचा जमाखर्च लिहीत होता. हमाली, बिल्टी, चारा, न्याहारी, जेवण. मध्येच थांबून त्याने विचारले, "आई, ते अकरा रुपये कोणत्या खात्यात टाकू? येणे म्हणून दाखवू का?"

"दाखव," मी म्हणाले.

"पण मार्चअखेर ती पेढीच राहणार नाही. ऑडिटर म्हणतील, वसूल होणार नाहीत, लिहून टाका."

त्याने बोट थोडा वेळ तसेच पडद्यावर धरले, आणि मग शेठचे पूर्ण नाव लिहून त्यांच्यापुढे अकरा रुपये येणे मांडले.